अवर्णनीय, आणि पुढची नऊ पानं

वेइक्कोला आता फक्त उजेड-अंधार कळतो,
म्हणून रविवारी दुपारी मी वाचते, तो ऐकतो.
या खेपेला त्यानं सरपणाच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडायला लावली.
गंजक्या खिळ्यांखाली, कुजक्या दोरखंडाखाली
कव्हर गेलेली ती कादंबरी :
झॉर्व्हियाचे ज्वालासम्राट.
किंमत वीस सेंट.

"त्या अतिप्रचंड, अतिकराल,
युगानुयुगांच्या तमिस्रानं काळवंडलेल्या
अंतराळाच्या अक्राळविक्राळ जबड्यात
निधड्या छातीचा कॅप्टन ब्रँटली क्रॉस
आपल्या पोलादी निळ्या नेत्रांनी..."
वाक्य सुटलं ते सुटलंच.
पूर्णविराम गाठेपर्यंत माझी कॉफी निवली.

बाराव्या पानावर लेखक सांगतो, राक्षस अवर्णनीय होता,
आणि एकविसाव्या पानापर्यंत त्याचं वर्णन करतो.
स्फटिकाचे सुळे, गंधकाचे फूत्कार,
डोळे आधी सात, दोन पानांनी नऊ.
राजकन्या तीनदा मूर्च्छित, चौथ्यांदा पुनश्च मूर्च्छित.
नुसतं बोलत कुणीच नाही तिथे.
गरजतात, कडाडतात, दातओठ खात पुटपुटतात.
शब्दामागे अर्धा सेंट मिळायचा म्हणे या लोकांना.
"म्हणजे एवढ्या राक्षसात," मी म्हटलं,
"महिन्याचं भाडं निघालं असेल बघ."
वेइक्को इतका हसला की कवळी निसटली.

मग मी पानं गाळायला लागले.
त्याला लगेच कळलं.
"नको, आयली. एकही विशेषण सोडू नकोस."

आमच्या घरात शब्द
साखरेसारखे वरच्या फळीवर असत.
बाबा लोखंडाच्या खाणीतून यायचे, पापण्यांपर्यंत तांबडे.
सूप. पाव. शनिवारी सौना.
आई गेली त्या जानेवारीत मिनेसोटातली झाडं
रात्री थंडीनं तडकायची, बंदुकीसारखी.
तिला नेलं, आणि बाबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले,
"दार लावा. गारठा येतोय."

वेइक्को दहा वर्षांचा. त्यानं दार लावलं,
सरपणाच्या खोलीत कंदील नेला,
आणि झॉर्व्हियाची राणी मरते तिथे जाऊन रडला.
चार पानं. एकोणीस उद्गारचिन्हं.
दोन्ही सूर्य काळवंडतात, समुद्र टाहो फोडतात,
पोलादी नेत्रांचा कॅप्टन
हाय! हाय! करत उल्कांवर मुठी आपटतो.
"तेव्हा वाटलं," वेइक्को म्हणाला,
"कुणीतरी नीट माप घेतलंय."

मी ते पान काढलं.
ओळींखालून बोटाचे ठसे सरकत गेले होते,
तांबडे, रुंद, जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली एक,
नुकतं वाचायला लागलेलं पोर जातं तसे.
"वेइक्को, तू खाणीत कधी लागलास?"
"कधीच नाही. मी लाकडाच्या गिरणीत होतो, माहीत आहे की तुला."
हो, माहीत होतं.

बाबांचं इंग्रजी पगाराच्या चिठ्ठीपुरतं.
'आक्रंदन'खाली तीन ठसे आहेत, एकावर एक.
अडले असतील तिथे. मागे येऊन परत निघाले असतील.
राक्षसाच्या नऊ पानांवर एकही ठसा नाही,
तांबडं काही नाही, फक्त या चार पानांवर,
आणि शेवटच्या उद्गारचिन्हावर अख्खा अंगठा.

"काय झालं? थांबलीस का?"
मी त्याचं बोट धरून कागदावर ठेवलं.
हाताला काही लागत नव्हतं अर्थात. धूळच ती.
सांगायला तोंड उघडलं
आणि मी शेवटी त्याच घरातली निघाले.
"बाबा," म्हटलं. एवढंच.

त्यानं बोट उचललं नाही.
पलीकडे हाकालाबाईंच्या अंगणात कुणीतरी बर्फ ओढत होतं.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मग वाच ना. मोठ्यानं."
मी चष्मा पुसला, उभी राहिले,
एकोणऐंशीव्या वर्षी, स्वयंपाकघरात,
आणि गरजले.
हाकालाबाईंचा कुत्रा भुंकायला लागला.